फाउंडेशन डिग्रीनंतरचं टॉप-अप वर्ष: ऑनर्सपर्यंतची नीट आखणी

इंग्लंडमध्ये दोन वर्षांची फाउंडेशन डिग्री संपवणाऱ्याला सगळे एकच सांगतात: आता एकच वर्ष राहिलं, की ऑनर्स झाली. हिशेबाने ते बरोबर आहे. हातात २४० क्रेडिट असतात, ऑनर्सला ३६० लागतात आणि उरलेले १२० पूर्णवेळ शिकून एका वर्षात होतात. या वर्षालाच टॉप-अप म्हणतात. मात्र बहुतेक विद्यापीठांत टॉप-अपवाल्याच्या पदवीचा क्लास फक्त या शेवटच्या १२० क्रेडिटवर ठरतो आणि त्यातले ३० ते ४० एकट्या डेझर्टेशनचे, म्हणजे प्रबंधाचे असतात. सरळ तीन वर्षं शिकणाऱ्या मुलाला दुसऱ्या वर्षाचे चांगले गुण सावरून घेतात, टॉप-अपवाल्याला ती सोय नसते. त्यामुळे या वर्षाची तयारी फाउंडेशन डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरातच सुरू करावी लागते. निकाल हातात आल्यावर जागं झालेल्यांना जागा मिळते, पण निवड करायला वाव उरत नाही.

इथल्या मराठी घरांतून या वाटेला येणारी मंडळी बहुधा नोकरी करणारी असतात: शाळेत टीचिंग असिस्टंट, नर्सरीत, केअरमध्ये, कुठे इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. स्टुडंट व्हिसावर आलेल्यांचे नियम वेगळे आहेत, ते पुढे स्वतंत्र दिले आहेत.

आधी नावांचा घोळ सोडवा

फाउंडेशन डिग्री आणि फाउंडेशन इयर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. फाउंडेशन इयर म्हणजे पदवीच्या आधीचं वर्ष. ते लेव्हल ३ चं, म्हणजे ए-लेव्हलच्या (इथल्या बारावीच्या) तोडीचं असतं आणि त्यातून पदवीचे क्रेडिट मिळत नाहीत. फाउंडेशन डिग्री ही स्वतंत्र पात्रता आहे. तिची घोषणा २००० साली झाली आणि पहिले विद्यार्थी २००१ मध्ये बसले. लेव्हल ४ चे १२० आणि लेव्हल ५ चे १२० अशी तिची रचना असते आणि त्यात प्रत्यक्ष कामातलं शिक्षण धरलेलं असतं. प्रमाणपत्रावर एफडीए, एफडीएससी किंवा एफडीईएनजी असं लिहिलेलं असतं. एचएनडी (हायर नॅशनल डिप्लोमा) सुद्धा २४० क्रेडिटचीच असल्याने खालचं बरंचसं तिलाही लागू पडतं. स्कॉटलंडमध्ये ही पद्धत नाही, तिथे ऑनर्स चार वर्षांची असते आणि हिशेब वेगळा.

हा घोळ निरुपद्रवी नाही. कोर्स शोधताना 'विथ फाउंडेशन' लिहिलेली चार वर्षांची पदवी निवडली, तर जे शिकून झालंय त्याच्याही खालून पुन्हा सुरुवात होते. तुम्हाला हवी असते ती लेव्हल ६ ची एक वर्षाची पदवी, जिच्या नावात सहसा 'टॉप-अप' असतं.

हातात नेमकं काय आहे?

दोन कागद काढा. पहिला म्हणजे तुमचा ट्रान्सक्रिप्ट, दुसरं वर्ष चालू असेल तर आतापर्यंतचा. त्यात प्रत्येक मॉड्यूलसमोर लेव्हल, क्रेडिट आणि गुण असतात. लेव्हल ४ चे १२० पुरे आहेत का, ते स्वतः बेरीज करून पाहा. पहिल्या वर्षातलं एखादं २० क्रेडिटचं मॉड्यूल नापास राहून पुढे ओढलेलं असतं, कोणी आठवण करून देत नाही आणि जुलैत कळतं की बेरीज २२० वर अडकली आहे. २२० वर फाउंडेशन डिग्री मिळत नाही. ती नाही, तर टॉप-अपची ऑफरही गेली.

दुसरा कागद म्हणजे कोर्सचं प्रोग्रॅम स्पेसिफिकेशन. कॉलेजच्या किंवा पदवी देणाऱ्या विद्यापीठाच्या साइटवर ते सापडतं. नाही सापडलं तर कोर्स लीडरकडे मागा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. या कोर्सनंतर कुठल्या ऑनर्सला जाता येतं, ते त्यात लिहिलेलं असतं. तिथली शब्दयोजना बारकाईने वाचा. प्रगती 'हमखास' आहे, की 'जागा असल्यास आणि सरासरी अमुक आल्यास'? ५० किंवा ५५ टक्के सरासरीची अट सर्रास दिसते, काही ठिकाणी मेरिट मागतात आणि मेरिट म्हणजे बहुतेक ठिकाणी ६०. नुसतं ४० ने पास होऊन टॉप-अपला सहज प्रवेश मिळेल असं धरून चालू नका.

तुमचं कॉलेज आणि पदवी देणारं विद्यापीठ या बहुतेक वेळा दोन वेगळ्या संस्था असतात. वर्ग गावातल्या कॉलेजात भरतो आणि प्रमाणपत्र विद्यापीठाचं असतं. ते विद्यापीठ कोणतं आणि करार किती वर्षांचा, हे विचारा. मध्येच भागीदार बदलला, तर टॉप-अपची ठरलेली वाटही बदलू शकते.

टॉप-अप कुठे करायचं

वाटा साधारण चार. आपल्याच कॉलेजात टॉप-अप असेल तर ते. पदवी देणाऱ्या विद्यापीठाच्या मुख्य कॅम्पसवर. तिसऱ्याच विद्यापीठाचं टॉप-अप. किंवा एखाद्या नेहमीच्या तीन वर्षांच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षात थेट प्रवेश. चौथी वाट दिसायला सगळ्यात प्रतिष्ठेची, पण तिथेच सर्वाधिक अडचण येते. त्या वर्गाने दुसऱ्या वर्षात संशोधनपद्धती, आकडेवारीचं सॉफ्टवेअर, अमुक सिद्धांत शिकलेला असतो आणि तुमच्या फाउंडेशन डिग्रीत त्याऐवजी कामाच्या जागेवरचा प्रकल्प असतो. मॉड्यूल एकमेकांशी जुळले नाहीत, तर विद्यापीठ तिसऱ्याऐवजी दुसऱ्या वर्षात घेतं. तो अपमान नव्हे. लेव्हल ५ चा पाया खरोखर वेगळा असेल, तर वर्षभर जास्त शिकलेलं बरं, फक्त त्या वर्षाचा खर्च आधी मोजा.

नोकरी आणि मुलं सांभाळून शिकणाऱ्याने कॉलेजातलं टॉप-अप कमी प्रतीचं समजू नये. वर्ग लहान, शिक्षक ओळखीचे, आठवड्यातून एक-दोन दिवसच जायचं आणि प्रमाणपत्र विद्यापीठाचंच. अर्धवेळ केलं तर दीड ते दोन वर्षं लागतात. ओपन युनिव्हर्सिटीतही आधीच्या क्रेडिटची बदली मागता येते. मात्र किती क्रेडिट धरले ते लेखी आल्याशिवाय फी भरू नका.

ओपन डेला किंवा ईमेलवर विचारायचे प्रश्न हे:

- क्लास फक्त लेव्हल ६ च्या गुणांवर ठरतो, की लेव्हल ५ चेही धरता?
- डेझर्टेशन किती क्रेडिटचं आणि ते सक्तीचं आहे का?
- उन्हाळ्यात ब्रिजिंग कोर्स आहे का, तो सक्तीचा आहे का, त्याची फी वेगळी आहे का?
- वर्ग कुठल्या वारी भरतात, आणि गेल्या वर्षीचं वेळापत्रक पाहायला मिळेल का?
- परीक्षा किती आणि असाइनमेंट किती?

शेवटच्या प्रश्नाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. फाउंडेशन डिग्रीत पोर्टफोलिओ, प्रेझेंटेशन, प्रतिचिंतनाची डायरी यांवर बरेच गुण असतात. दोन वर्षं एकही लेखी परीक्षा न दिलेला माणूस तिसऱ्या वर्षी तीन तासांच्या पेपरला बसला, की त्याची धांदल उडते.

जिथे एक वर्ष पुरत नाही

नर्सिंग असोसिएटची (केअर असिस्टंट आणि नर्स यांच्या मधल्या पदाची) फाउंडेशन डिग्री करणाऱ्यांनी 'एका वर्षात नर्स' हे वाक्य डोक्यातून काढावं. नर्सिंग असोसिएटची नोंदणी एनएमसीकडे (नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल) २०१९ पासून होते. रजिस्टर्ड नर्सच्या शिक्षणाला मात्र किमान ४,६०० तास लागतात आणि त्यातले निम्मे प्रत्यक्ष रुग्णसेवेचे. आधीच्या शिक्षणाची सूट साधारण निम्म्यापर्यंतच मिळते, म्हणून हा टप्पा बहुधा दीड ते दोन वर्षांचा असतो. शिवाय प्रौढ, बाल, मानसिक आरोग्य, लर्निंग डिसॅबिलिटी यांपैकी शाखा आधी निवडावी लागते. लेव्हल ६ चं 'हेल्थ अँड सोशल केअर' टॉप-अप केलं तर पदवी मिळते, पण नर्सची नोंदणी मिळत नाही. ही चूक दर वर्षी कोणीतरी करतंच.

शिक्षक व्हायचं असेल तर वाट सोपी, पण लांब आहे. अर्ली इयर्स किंवा टीचिंग असिस्टंटची फाउंडेशन डिग्री, मग ऑनर्स टॉप-अप, मग क्यूटीएस (शिक्षकाची अधिकृत पात्रता) देणारी पीजीसीई, म्हणजे पदवीनंतरचा शिक्षक-प्रशिक्षणाचा कोर्स. इथे अडवतं ते भलतंच: जीसीएसईत (इथल्या दहावीच्या तोडीच्या परीक्षेत) इंग्रजी आणि गणितात किमान ग्रेड ४ लागते आणि प्राथमिक शाळेसाठी विज्ञानातही. भारतात दहावी झालेल्यांनी आपल्या गुणपत्रिकेचं यूके ईनिक या परदेशी पात्रता तोलणाऱ्या संस्थेकडून तुलनापत्र काढून पीजीसीई देणाऱ्या संस्थेला आधीच दाखवावं. ते मान्य झालं नाही, तर जीसीएसई किंवा समकक्ष चाचणी द्यावी लागते. ती टॉप-अपच्या वर्षात डेझर्टेशनच्या जोडीने देण्यापेक्षा आधीच उरकलेली बरी.

अर्ज

आपल्याच कॉलेजात पुढे जायचं असेल, तर अनेक ठिकाणी यूकास (विद्यापीठ प्रवेशाची सामायिक अर्जव्यवस्था) लागत नाही, अंतर्गत प्रगतीचा एक फॉर्म असतो. पण त्याचीही तारीख असते आणि ती बहुधा वसंतात येऊन जाते. 'आपलंच कॉलेज आहे, घेतीलच' म्हणून बसून राहू नका.

बाहेर जायचं तर यूकास. जानेवारीतल्या मुदतीपर्यंत आलेल्या अर्जांचा सारखा विचार होतो. ३० जूनपर्यंत अर्ज चालतात, त्यानंतर आलेले क्लिअरिंगमध्ये, म्हणजे उरलेल्या जागांच्या फेरीत जातात. पाच पर्याय भरता येतात. एक छोटा रकाना नीट भरा, तो म्हणजे प्रवेशाचं वर्ष. कोर्स स्वतंत्र टॉप-अप म्हणून यादीत असेल तर त्याच्या पानावर दिलेलं वर्षच घ्या. नेहमीच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षात जायचं असेल तर तिथे ३ निवडावं लागतं. रकाना तसाच सोडला तर अर्ज पहिल्या वर्षाचा समजला जातो आणि प्रवेश विभाग ए-लेव्हलचे गुण विचारायला लागतो.

पर्सनल स्टेटमेंट २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्नांत विभागलं आहे: हा विषय का, आतापर्यंतच्या शिक्षणाने काय तयारी झाली आणि शिक्षणाबाहेर काय केलं. तिन्ही मिळून ४,००० अक्षरं, प्रत्येकात किमान ३५०. टॉप-अपवाल्याने जोर दुसऱ्या उत्तरावर द्यावा. लेव्हल ५ चं एक मॉड्यूल घ्या, त्यात काय केलं, कुठलं वाचन केलं, कुठला प्रश्न अनुत्तरित राहिला आणि लेव्हल ६ ला तो कसा पुढे न्यायचा आहे, हे लिहा. 'मला लहानपणापासून मुलांची आवड आहे' ही ओळ प्रवेश विभागाने पुरेशा वेळा वाचलेली असते.

ऑफर बहुधा सशर्त येते: फाउंडेशन डिग्री पूर्ण, अमुक सरासरीसह. खरी गाठ इथे पडते. कॉलेजचं परीक्षा मंडळ जून-जुलैत बसतं. एखादं मॉड्यूल राहिलं, तर फेरपरीक्षा ऑगस्टमध्ये आणि तिचं मंडळ सप्टेंबरात. टॉप-अप सुरू होतं सप्टेंबरच्या शेवटी. मधल्या दहा-बारा दिवसांत निकाल, प्रमाणपत्र आणि नोंदणी बसवायची म्हणजे तारेवरची कसरत. शिवाय फेरपरीक्षेचे गुण बहुतेक ठिकाणी ४० वर थांबवतात, त्यामुळे सरासरीची अटही हुकू शकते. असं होणार दिसताच प्रवेश विभागाला निकालाआधीच ईमेल करा. सप्टेंबरात कळवणाऱ्यापेक्षा जुलैत कळवणाऱ्यासाठी जागा राखून ठेवण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

पैसे

विद्यार्थी कर्जाचा नियम टॉप-अपवाल्याच्या बाजूचा आहे. आधी त्याच किंवा वरच्या पातळीची पात्रता असेल तर सहसा पुन्हा कर्ज मिळत नाही. पण फाउंडेशन डिग्री लेव्हल ५ ची आणि ऑनर्स ६ ची, म्हणून ती आड येत नाही. टॉप-अपसाठी स्टुडंट फायनान्स इंग्लंडचा हिशेब असा: तीन वर्षं, अधिक एक जादा वर्ष, वजा आधी घालवलेली वर्षं. दोन वर्षांत फाउंडेशन डिग्री केली असेल तर ३ + १ − २, म्हणजे दोन वर्षांचं फीचं कर्ज शिल्लक. टॉप-अपला एक लागेल, दुसरं नापास झालात तर हाताशी राहील. फाउंडेशन डिग्रीत एक वर्ष पुन्हा करावं लागलं असेल तर एकच उरतं आणि ते संपलं की फी खिशातून. ते वर्ष आजारपण किंवा घरच्या गंभीर कारणाने गेलं असेल, तर पुराव्यासह तसं कळवा. मान्य झालं तर ते वजा होत नाही. हे कागद दोन वर्षांनी शोधण्यापेक्षा घटना घडते तेव्हाच जपून ठेवा. डॉक्टरांचं पत्र नंतर मागितलं की मोघम येतं.

पूर्णवेळ फीची कमाल मर्यादा २०२५-२६ मध्ये ९,५३५ पौंड होती आणि २०२६-२७ साठी ती ९,७९०. कॉलेजातली फी याहून बरीच कमी असू शकते. राहणीखर्चाचं कर्ज २०२५-२६ साठी जास्तीत जास्त ८,८७७ पौंड आईवडिलांच्या घरी राहणाऱ्याला, १०,५४४ बाहेर राहणाऱ्याला आणि लंडनमध्ये १३,७६२. घरचं उत्पन्न जसं जास्त, तशी ही रक्कम खाली येते. अर्ज दर वर्षी नव्याने करायचा असतो, आपोआप पुढे सरकत नाही. त्यात विद्यापीठ, कोर्स आणि वर्ष टॉप-अपचंच आहे ना, ते पाहा. जुन्या कोर्सचं नाव राहिलं तर विद्यापीठ तुमची हजेरी कळवू शकत नाही आणि ऑक्टोबरात पैसे येत नाहीत.

ज्यांची फाउंडेशन डिग्री २०२७ मध्ये संपते, त्यांनी नवी व्यवस्था लक्षात घ्यावी. जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या कोर्सना लाइफलाँग लर्निंग एन्टायटलमेंट लागू होतं. त्यात चार वर्षांच्या शिक्षणाएवढी कर्जाची पुंजी मिळते आणि आधी वापरलेली त्यातून वजा होते.

मराठी घरांसाठी यातला खरा मुद्दा म्हणजे निवासाचा दर्जा. स्किल्ड वर्करच्या डिपेंडंट व्हिसावर असाल, तर सहसा कर्ज मिळत नाही आणि फीही परदेशी विद्यार्थ्यांची लागते. साधारणपणे सेटल्ड दर्जा (ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा हक्क) आणि तीन वर्षांचा वास्तव्याचा पुरावा लागतो. लहानपणापासून इथेच वाढलेल्या मुलांसाठी दीर्घ वास्तव्याचा वेगळा नियम आहे, १८ च्या पुढच्यांसाठी अर्धं आयुष्य किंवा २० वर्षं इथे. मुलगा या नियमात बसतो हे घरच्यांना कित्येकदा माहीतच नसतं.

उन्हाळ्यातले तीन महिने

लेव्हल ५ आणि ६ मधला फरक अवघड शब्दांचा नाही. अर्ली इयर्समधलं उदाहरण घेऊ. इंग्लंडमधल्या नर्सरीत प्रत्येक मुलाला एक की पर्सन, म्हणजे त्याची खास जबाबदारी घेणारा कर्मचारी नेमावा लागतो. लेव्हल ५ चा परिच्छेद साधारण असा असतो: 'आमच्या नर्सरीत नवीन मुलाला की पर्सन दिला, तो आठवडाभरात रुळला, हे मानसोपचारतज्ज्ञ बोल्बीच्या आसक्ती सिद्धांताशी जुळतं.' अनुभव, सिद्धांत, जुळणी. याला ५८ मिळतात.

लेव्हल ६ ला तोच अनुभव, पण प्रश्न उलटा: बोल्बीने मांडणी केली ती प्रामुख्याने आई-मुलाच्या नात्यावरून, ती नोकरी बदलत राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना कितपत लागू होते? मूल रुळलं ते की पर्सनमुळे, की भावंड त्याच खोलीत होतं म्हणून? याविरुद्ध कोणी लिहिलंय आणि त्यांचा पुरावा किती मजबूत आहे? शेवटी लेखक एक बाजू घेतो आणि ती का घेतली ते सांगतो. परीक्षक गुण याच शेवटच्या दोन वाक्यांना देतो.

ही सवय उन्हाळ्यात लावून घ्यायची. आठवड्याला दोन संशोधन लेख वाचा, पाठ्यपुस्तकातली प्रकरणं नव्हे. प्रत्येकावर अर्ध्या पानात लिहा: दावा काय, नमुना किती जणांचा, पद्धत कोणती, कुठे पटत नाही. दहा आठवड्यांत वीस लेखांच्या नोंदी होतात आणि डेझर्टेशनच्या साहित्य-आढाव्याचा निम्मा माल तयार असतो. संदर्भ देण्याची पद्धत विद्यापीठ बदलल्यास बदलते, हार्वर्डचेही विद्यापीठागणिक प्रकार आहेत, तेव्हा नव्या विद्यापीठाची पुस्तिका पहिल्याच दिवशी उतरवून घ्या. स्वतःचा जुना असाइनमेंट पुन्हा वापरला तरी टर्निटिन हे मजकुरातलं साम्य तपासणारं सॉफ्टवेअर तो पकडतं आणि तीही वाङ्मयचोरीच धरली जाते. नोकरीच्या एकाच प्रसंगावर तीन असाइनमेंट लिहिण्याची सवय असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

वर्षाचं गणित

एक क्रेडिट म्हणजे साधारण दहा तासांचं काम. १२० क्रेडिट म्हणजे १,२०० तास, तीस आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ४०. वर्ग आठवड्यातून दोनच दिवस म्हणून जे पूर्ण वेळ नोकरी चालू ठेवतात, ते डिसेंबरपर्यंत कसेबसे टिकतात आणि फेब्रुवारीत मुदतवाढीचे अर्ज करायला लागतात. आठवड्याला पंधरा-सोळा तासांच्या पुढे काम असेल तर अर्धवेळ टॉप-अपचा विचार गंभीरपणे करा.

आता क्लास. ७० ला फर्स्ट, ६० ला टू-वन, ५० ला टू-टू, ४० ला थर्ड. समजा डेझर्टेशन ४० क्रेडिटचं आणि बाकी चार मॉड्यूल २० चे. मॉड्यूलना ५८, ६४, ५५, ६१ आणि डेझर्टेशनला ६२ मिळाले, तर सरासरी ६०.३, टू-वन. डेझर्टेशनला ६२ ऐवजी ५८ आले तर सरासरी बरोबर ५९, म्हणजे टू-टू. चार गुणांनी क्लास गेला. किंवा डेझर्टेशन ६२ च राहिलं, पण ६१ वालं मॉड्यूल मुदतीनंतर दिल्याने ४० वर अडकलं, तर सरासरी ५६.८. उशिरा दिलेल्या एका निबंधाची ही किंमत. आजारपण असो, घरातलं संकट असो, एक्स्टेन्युएटिंग सर्कमस्टन्सेसचा फॉर्म मुदतीच्या आधी भरा. नंतर भरलेला फॉर्म आधी का नाही भरला, याचं वेगळं उत्तर द्यावं लागतं.

डेझर्टेशनचं वेळापत्रक मागून पुढे मोजा. जमा करायचं एप्रिलच्या अखेरीस धरलं, तर पूर्ण कच्चा मसुदा मार्चअखेर, माहिती गोळा करणं जानेवारी-फेब्रुवारी, नैतिक मंजुरीचा फॉर्म नोव्हेंबरात, विषय ऑक्टोबर संपेपर्यंत पक्का. १०,००० शब्दांची विभागणी साधारण अशी बसते: प्रस्तावना १,०००, साहित्य-आढावा २,७५०, पद्धत १,७५०, निष्कर्ष आणि चर्चा मिळून ३,५००, समारोप १,०००.

सगळं अडतं ते नैतिक मंजुरीवर. फाउंडेशन डिग्रीवाल्याला कामाच्या जागीच संशोधन करायचं असतं आणि ते साहजिक आहे, माणसं ओळखीची असतात. पण त्यासाठी व्यवस्थापकाची लेखी परवानगी, सहभागींची संमती, मुलं असतील तर पालकांचीही लागते. हाताखालच्या लोकांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर समिती विचारतेच: त्यांना नाही म्हणता येईल का? मंजुरी येण्याआधी घेतलेल्या मुलाखती वापरता येत नाहीत, पुन्हा घ्याव्या लागतात. एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) रुग्णांवर काही करायचं तर विद्यापीठाबाहेरचीही मंजुरी लागते आणि ती एका वर्षाच्या कोर्सात बसणं कठीण. अशा वेळी कर्मचाऱ्यांवर किंवा प्रकाशित संशोधनाच्या आढाव्यावर डेझर्टेशन करावं. आढाव्याचं डेझर्टेशन कमी दर्जाचं हा गैरसमज आहे. नीट केलं तर त्यात फर्स्ट मिळतो.

वर्ष अर्धवट सुटलंच, तर लेव्हल ६ चे ६० क्रेडिट झाल्यावर एकूण ३०० वर काही विद्यापीठं ऑनर्सशिवायची साधी पदवी देतात. सोडण्याआधी ही चौकशी जरूर करावी.

स्टुडंट व्हिसावर असाल तर

फाउंडेशन डिग्री पदवीच्या खालच्या पातळीची मानली जाते, म्हणून तिच्या काळात सत्रामध्ये आठवड्याला १० तासच काम करता येतं. टॉप-अपला विद्यापीठात ही मर्यादा २० तास होते. टॉप-अपसाठी नवा कॅस (व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा प्रवेशाचा दाखला) आणि नवा व्हिसा अर्ज लागतो. पातळी ५ वरून ६ वर जात असल्याने शैक्षणिक प्रगतीची अट पुरी होते. चालू व्हिसा संपल्यापासून २८ दिवसांच्या आत नवा कोर्स सुरू व्हायला हवा. जून-जुलैत संपणाऱ्या व्हिसाला सप्टेंबरचा कोर्स बसत नाही, तेव्हा आधीच्या व्हिसाची अखेरची तारीख आजच पाहून ठेवा.

शिक्षणानंतर ब्रिटनमध्ये राहून काम करू देणारा ग्रॅज्युएट व्हिसा नुसत्या फाउंडेशन डिग्रीवर मिळत नाही, ऑनर्सवर मिळतो. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना तो दोनऐवजी दीड वर्षाचा असेल. कोर्स १२ महिन्यांच्या आतला असेल तर तो पूर्ण काळ ब्रिटनमध्ये राहून केलेला हवा. त्यामुळे मध्येच दोन महिने गावी जाऊन ऑनलाइन वर्ग करण्याचा बेत नको. विद्यापीठाने तुम्ही उत्तीर्ण झाल्याचं होम ऑफिसला कळवल्यावर, पण व्हिसा संपण्याआधी अर्ज करायचा. एका मॉड्यूलची फेरपरीक्षा ऑगस्टवर गेली की या दोन तारखांमधली जागा फार अरुंद होते.

प्रमाणपत्र हाती आल्यावर

फाउंडेशन डिग्रीचं प्रमाणपत्र आणि ट्रान्सक्रिप्ट फेकू नका. टॉप-अपच्या ट्रान्सक्रिप्टवर फक्त १२० क्रेडिट दिसतात. भारतात पुढचं शिक्षण किंवा सरकारी नोकरी यासाठी समकक्षता मागायची झाली, तर 'एका वर्षाची पदवी' हा पहिला आक्षेप येतो. यूजीसीने परदेशी पात्रतांच्या समकक्षतेचे नवे नियम २०२५ मध्ये आणले आहेत, त्यामुळे भारतात परतायचा विचार असेल तर कोर्सची निवड करतानाच ते वाचावेत. अर्जासोबत दोन्ही संस्थांचे ट्रान्सक्रिप्ट आणि दोन्ही प्रोग्रॅम स्पेसिफिकेशन जोडावेत. स्पेसिफिकेशनची पीडीएफ शिकत असतानाच उतरवून ठेवा, कोर्स बंद झाला की ती साइटवरून जाते. ब्रिटनमधून निघण्याआधी दोन्ही प्रमाणपत्रांवर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणन) करून घ्यावं. ते ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या लीगलायझेशन ऑफिसकडून मिळतं आणि त्याआधी प्रमाणपत्र सॉलिसिटर किंवा नोटरीकडून साक्षांकित करून घ्यावं लागतं.